अँटेना आमोण्याकडे

—अहो, तो मीटर पिशवीतच राहू द्या, पांडुरंगबाब. परत करायची एवढी घाई कुणाला होती? रुद्रेशनं नेला होता, वापरू दे की आणखी. आणि त्यासाठी तुम्ही आमोण्याहून इथं कोरगावपर्यंत — डिचोली, म्हापसा, पेडणे, बसमागून बस — एवढासा मीटर द्यायला? पोराकडे मोटरसायकल आहे ना? — बरं, राहिलं, नाही विचारत. बसा. त्या कदेलीवर नको, तिचा एक पाय हलतो, पाहुणा पडला की नाव माझं. इथं जनेलापाशी बाकावर बसा, वारा आहे. कमलाक्षी, चहा टाक गो! रुद्रेशचे वडील आलेत, आमोण्याचे! — ऋतिका? नाही, ती नाही घरात. रविवार असून शाळेत गेलीय पेडण्याला, मुलांचं विज्ञान प्रदर्शन आहे म्हणे, आणि बाई तीच. तशी हल्ली ती घरात असली काय नि नसली काय, सारखंच. जेवते, वह्या तपासते, झोपते. माझ्याशी बोलायचं झालं तर आईमार्फत. — नाही, भांडण नाही हो. भांडायला तरी बोलावं लागतं.

हा कोपऱ्यात खरखरतोय तो वायरलेस सेट माझा. हो, दिवसभर चालूच असतो. रुद्रेशनं सांगितलं असेल, मी क्लबच्या रिपीटरचा राखणदार. पद मोठं, कंट्रोल ऑपरेटर — पगार नाही, शिव्या मात्र वेळच्या वेळी. रिपीटर म्हणजे काय, माहीत आहे ना? — नाही? मुलगा दोन वर्षं आम्हा हौशी लोकांच्या हॅम रेडिओवर बोलतोय नि बापाला माहीत नाही! सांगतो. हे आमचे सेट छोटे, ह्यांचा आवाज डोंगर ओलांडत नाही. म्हणून वर पठारावर एक यंत्र बसवलंय. समजा, डोंगरावर एक माणूस बसवलाय — इकडची हाक ऐकायची नि तीच हाक मोठ्यानं सगळ्या गोव्याला ओरडून सांगायची. पेडण्यातून बोला, काणकोणात ऐकू येतं. पण माणूस एक! एका वेळी एकालाच त्याचे कान. दोघं एकदम बोलले की नुसती किंचाळी, ह्याचंही नाही नि त्याचंही नाही. म्हणून नियम आले. आणि नियम लिहिले कुणी? ह्या शिवदासानं. आधी ऐका, मग बोला. आधीच्याचं संपलं की लगेच बटण दाबू नका, श्वास घ्या, मधे फट ठेवा — कुणाचा अपघात असेल, अडचण असेल, त्याला त्या फटीतून आत येता आलं पाहिजे. आपली खूण सांगा, कॉल साईन. थोडक्यात बोला. धंदा नको, राजकारण नको, घरगुती भानगडी नकोत. भाषेवरून भांडण नको — अहो, तेही झालं! कोंकणी राजभाषा झाली, गोवा राज्य झालं, दहा-बारा वर्षं उलटली, पण आमच्यापैकी कुणी मराठीत बोललं की मडगावचा एखादा कोंकणीत खोकणार, नि तो कोंकणीत बोलला की आमच्याकडचा एखादा मराठीत उसासा टाकणार. शेवटी मी म्हटलं, कॉल साईन इंग्रजीत, बाकी ज्याला ज्या भाषेत हसता येतं त्या भाषेत. तेवढा एकच नियम लोकांनी मनापासून पाळला. — थांबा! ऐकलंत? आत्ता, टक् करून आवाज आला नि गेला? बटण दाबायचं, रिपीटर जागा आहे का बघायचं, नि नाव न सांगता पळायचं. लोकांच्या दाराची कडी वाजवून पळतात तसं! मी ओळखतो तो कोण. ओंकार, म्हापशाचा, नवा सेट घेतलाय. पाहुणे बसलेत म्हणून सोडला त्याला.

हसता काय? — नाही, हसा, हसा. कमलाक्षीही हसते. थोडक्यात बोला, हा नियम माझा. बडबड्यांना आळा बसावा म्हणून यंत्राला टायमर लावायला लावला तोही मीच — तीन मिनिटांच्या वर कुणी सलग बोललं की यंत्र त्याचा आवाज बंद करतं. आजवर सगळ्यात जास्त वेळा कुणाला बंद केलं असेल? — बरोबर ओळखलंत. एकदा तर थोडक्यात बोलण्याचं महत्त्व समजावून सांगत होतो, तेव्हाच तोडलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! कमलाक्षी विचारते, तो टायमर घरात कधी बसवताय? मी तिला म्हणतो, अगो, जन्मभर मी खाणीच्या जेटीवर वायरलेसला होतो. बार्ज आली, बार्ज गेली, ओव्हर. सगळी नोकरी चार शब्दांत काढली, उरलेले शब्द आता बाहेर पडतायत, त्याला मी काय करू? — घ्या, चहा आला. काकणं घ्या, पाववाला पोदेर सकाळीच देऊन गेलाय, चहात बुडवा, नाहीतर दात पडेल.

तर ह्या दोघांचं. — दोघांचं म्हणजे, मीटरचं हो. अँटेना तपासायचा मीटर ऋतिकाचा, नेला रुद्रेशनं, म्हणून दोघांचं म्हटलं. आता तुमच्यापुढे काय लपवायचं, ओळख मीच करून दिली. डिचोलीला मी लायसन्सच्या परीक्षेचा क्लास घेत होतो, ऋतिकाला मदतीला न्यायचो. रुद्रेश बार्जवरचा इलेक्ट्रिशन, हात चांगला, डोकं चांगलं, फक्त प्रश्न फार विचारायचा. मी म्हटलं, मला नको विचारू, ऋतिकाला विचार. विचारलं पोरानं! लायसन्स आलं, दोघं संध्याकाळी रिपीटरवर यायला लागली. आणि बोलायची काय? अँटेना. नुसती अँटेना. तार किती लांब, पाइप कुठला, पावसात पाणी शिरतं का. मी इथं बसून ऐकायचो, ऐकणं माझं कामच, नि छाती फुगायची. दर वेळी फट ठेवणार, दर वेळी कॉल साईन सांगणार. बाकीच्यांना म्हणायचो, शिका जरा ह्या दोघांकडून! फक्त एक होतं, बोलणं लांबायचं. तास तास अँटेना. इतरांना शिरायला जागा मिळेना. मग मी काय केलं? नियमावर बोट ठेवलं. आमच्यात रीत आहे, दोघांचा आवाज रिपीटरशिवाय एकमेकांना सरळ पोचत असेल तर रिपीटर अडवायचा नाही, बाजूच्या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जायचं, तिथं तुम्ही दोघंच. सिम्प्लेक्स म्हणतात त्याला. तर सबंध क्लब ऐकत असताना मी, पोरीच्या जन्मदात्या बापानं, माइक उचलून सांगितलं — तुम्ही दोघं सिम्प्लेक्सवर जा. असा दुसरा बाप दाखवा मला गोव्यात! लोक पोरीला जनेलात उभी राहू देत नाहीत, मी तिला वेगळी फ्रिक्वेन्सी काढून दिली.

तेवढ्यानं भागलं का? नाही. ती म्हणाली, पप्पा, सरळ आवाज नीट पोचत नाही, यागी चढवायला हवी. यागी म्हणजे ती — येताना छपरावर बघितली असेल, माशाच्या काट्यासारखी. ती जिकडे तोंड करील तिकडेच आवाज जातो, नि तिकडचाच येतो. ह्या वयात, कौलं निसरडी, मी चढलो. दोन कौलं फोडली. ती खाली अंगणात उभी राहून सांगतेय — पप्पा, जरा डावीकडे. अजून जरा. अजून. बस्स, बस्स, तिथंच! अहो, रिपीटर आमचा उजवीकडे! मी डावीकडे तोंड करून पाना आवळतोय नि मनात म्हणतोय, पोर हुशार, माडाच्या झावळ्यांना चुकवतेय. खाली उतरलो तर कमलाक्षीनं चहा दिला नि विचारलं, आमोणे त्या बाजूला ना हो? मी म्हटलं, व्हय, का गो? ती म्हणाली, काही नाही, सहज. तेव्हा तरी ट्यूब पेटावी की नाही? नाही पेटली. चहात साखर कमी आहे, एवढंच मला कळलं.

मग ती आतल्या खोलीत बसून बोलायला लागली. तो बघा, दार उघडंच आहे, टेबलावर फडका टाकलेला दिसतो ना, तो तिचा सेट. भिंत पातळ आमची, ऐकू येतं. — मुद्दाम नाही हो ऐकलं! मी आपला ह्या भिंतीला टेकून पेपर वाचत असायचो. — पूर्वी त्या भिंतीला टेकायचो, पण पाठीला ही बरी पडते. आणि ऐकू यायची ती फक्त तिची बाजू, कानाला हेडफोन लावलेला तिनं. रुद्रेशची बाजू कळावी म्हणून मी माझा सेट त्या फ्रिक्वेन्सीवर — म्हणजे, सेट बरोबर चालतो का बघायला — लावून बघितला, पण माझ्या अँटेनाचं तोंड रिपीटरकडे, आमोण्याची नुसती खरखर. अर्धं बोलणं ऐकायचं म्हणजे काय शिक्षा असते, पांडुरंगबाब! ती म्हणणार, नाही, अजिबात नाही! नि हसणार. काय नाही? कशाला नाही? मी इथं पेपर चुरगाळतोय. ती म्हणणार, आईनं केलेलं? कुणाच्या आईनं, काय केलेलं? हळूहळू त्या बोलण्यातून अँटेना गेलीच. आणि एक दिवस शेवटी ती म्हणाली, एटी एट. आमच्यात आकड्यांची रीत आहे. बोलणं संपवताना सेव्हंटी थ्री म्हणायचं, म्हणजे नमस्कार, लोभ असावा. ते कुणालाही म्हणतात, मंत्र्यालाही म्हणतात. एटी एट कुणालाही म्हणत नाहीत. नवरा बायकोला म्हणतो, तेही तिच्याकडे लायसन्स असलं तर. — अर्थ? तुम्ही घरसंसार केलेले माणूस, अर्थ काय विचारता! प्रेम आहे त्यात, आणि — थोडं जास्तच आहे. असो. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. रुद्रेश आवडतो मला. मी मनात म्हटलं, शिवदासा, लोक जावई शोधत चपला झिजवतात, तुझा हवेतून घरात आलाय. पण बाप आपण होऊन कसा बोलणार? ती सांगेल तेव्हा आश्चर्य वाटल्याचं सोंग करायचं ठरवून ठेवलं होतं. आरशासमोर करूनही बघितलं. कमलाक्षी म्हणाली, पोटात दुखतंय काय?

आणि मग तो रविवार आला. तीनेक आठवडे झाले असतील. रविवारी सकाळी रिपीटरवर आमची हजेरी असते, नेट म्हणतात — एकेक जण येणार, कॉल साईन सांगणार, मी पुढच्याला बोलावणार. गोव्यातले, सावंतवाडी-वेंगुर्ल्याचे, चाळीसभर माणसं. ऋतिकानं हजेरी दिली. तिचं संपतंय न संपतंय तोच तुमच्या चिरंजीवांनी बटण दाबलं! फट नाही, श्वास नाही, तिच्या पाठोपाठ आपलं नाव यायला हवं ना! नेमके त्याच वेळी काणकोणचे एक म्हातारे गृहस्थ आत येत होते, दोघांची टक्कर, नुसती किंचाळी. मी तापलो. नेट चालवणाऱ्यानं तापायलाच हवं. शिवाय, मनातून त्याला घरचा समजत होतो, घरच्याला सूट दिली असं कुणी म्हणू नये, म्हणून चार शब्द जास्तच झाले. तुला शिस्त नाही म्हटलं. रिपीटर काय तुझ्या बापाचा आहे, असंही — अहो, बोलायची पद्धत असते ती, तुमचा त्यात काय संबंध, पांडुरंगबाब! — परत क्लासला बस, मगच हवेत ये, म्हटलं. तो म्हणाला, सॉरी सर. संपलं. मी तर जागच्या जागी विसरलो. दुपारी हुमण-भात जेवलो नि झोपलो.

संध्याकाळी आत बोलणं सुरू होतं. ती म्हणाली, मी आज घरात सांगू? मी इथं ताठ बसलो. चेहऱ्यावर आश्चर्य तयार. मग ती ऐकत राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, असं का म्हणतोस? परत ऐकत राहिली. मग म्हणाली, वडील माणसं असतात तशी, मनावर घेऊ नकोस. आणि मग — बरं. सेव्हंटी थ्री. सेव्हंटी थ्री, पांडुरंगबाब! मंत्र्याला म्हणतात ते! सेट बंद झाला, वर फडका पडला, तो फडका अजून तिथंच आहे. कमलाक्षीला विचारलं तर ती म्हणते, पोरीलाच विचारा. पोरीला कसं विचारू? भिंतीला कान लावला होता म्हणून सांगू? — टेकलो होतो म्हणून. टेकलो होतो.

म्हणून आता तुम्हालाच विचारतो, राग मानू नका. मला वाटतं, तुम्ही नको म्हणालात. वडील माणसं असतात तशी — वडील म्हणजे तुम्हीच की! तुमची शेती, नदीकाठचं घर, तुम्हाला घर सांभाळणारी सून हवी असेल, शाळेत शिकवणारी नको, रेडिओवर बोलणारी तर नकोच नको. समजतं मला. पण आपण बापांनी जरा सैल सोडायला हवं, पांडुरंगबाब. एवढा ताठा कशाला? आपण एक शब्द टाकून बोलतो, नि तो कुठं जाऊन लागला ह्याचा आपल्याला पत्ता नसतो. तीन आठवडे मी तुम्हाला मनातल्या मनात काय काय बोललोय, ते ह्या काकणाबरोबर गिळतो आता. मघाशी तुम्ही मीटर घेऊन दारात उभे राहिलात. म्हटलं, झालं, आता वस्तूसुद्धा परत आली. पोर माझी वाळत चाललीय हो. हसायची ती, भिंतीतून ऐकू यायचं मला. तेवढंच सांगा, त्या दिवशी तुम्ही घरात होतात? रुद्रेशची बाजू ऐकलीत? — ऐकलीत? — तुमचीही भिंत पातळ? — मग काय म्हणाला तो? तुम्ही नको म्हणता, असंच ना?

— काय? — परत सांगा. — नाही, ऐकू आलं मला, पण परत सांगा. — तुझ्या पप्पांनी. — चाळीस माणसांपुढे. — ज्यांना मी हवेत चालत नाही, त्यांच्या घरात कुठल्या तोंडानं येऊ. असं म्हणाला? — आणि तुम्ही? — पहिल्या दिवसापासून हो म्हणताय? — म्हणजे तुम्ही मीटर द्यायला आलाच नव्हता. माझी समजूत घालायला आला होता. बसमागून बस बदलून. आणि मी मघापासून तुम्हाला — चहा निवला तुमचा. दुसरा सांगतो. — नको? नको तर नको.

वडील माणसं म्हणजे मी. पोर माझी बाजू घेत होती, पांडुरंगबाब. मी तिच्या वाटेत आडवा पडलोय, नि ती त्याला सांगतेय, मनावर घेऊ नकोस. आणि मी इथं बसून तुम्हाला बापानं कसं वागावं ते शिकवतोय! लाज वाटते हो. हसूही येतंय, पण लाजच जास्त. — कमलाक्षी! तुला माहीत होतं? — माहीत होतं. मग बोलली का नाहीस? — ऐकलंत काय म्हणते ती? तुम्ही बोलायला मधे जागा कुठं ठेवता, म्हणते. घ्या. हा माझा घरचा आहेर.

उठा. आत चला माझ्याबरोबर. नाही, माझ्या सेटवरून नको, ते सगळ्या गोव्यात जाईल. म्हणजे — जायला हवं खरं तर. बोललो चाळीस माणसांपुढे, तर माफीही चाळीस माणसांपुढेच मागायला हवी. मागेन. आजची हजेरी सकाळीच झाली, पण येत्या रविवारी, हजेरी सुरू व्हायच्या आधी, तुमच्यापुढे शब्द देतो. पण आधी पोराशी सरळ बोलू दे. तो फडका काढा, तुमच्या बाजूनं धरा. हां. लागला. फ्रिक्वेन्सी तीच आहे, तिनं हलवलेली नाही. अँटेनाची काळजी नको, ती मी स्वतः आवळलीय. आता तो कशाला ऐकत बसला असेल म्हणा, इतके दिवस इथून कुणी हाक मारलेली नाही. रविवार आहे, गेला असेल नदीवर, मित्रांकडे. एकदा मारून बघतो. माझ्याच कॉल साईननं, तिच्या नाही.

— आला! पांडुरंगबाब, आला! एका हाकेला आला! म्हणजे हा इतके दिवस सेट लावून — अरे देवा. ऐकलंत? सर, म्हणतोय. काय झालं सर, ऋतिका बरी आहे ना, म्हणतोय. बरी आहे, बरी आहे रे — बटण दाबलंच नाही मी. थांबा. कुठून सुरू करू? तुला शिस्त नाही म्हणालो होतो, तिथून? की जेवायला ये म्हणून आधी सांगू? — नाही, तुम्ही नका सांगू काय बोलायचं. तुम्ही असं करा, जरा बाहेर बसा. — हो, तुमचाच मुलगा आहे, माहीत आहे मला. पण हे आमचं दोघांचं आहे. बागेत जा, काजूला मोहोर कसा धरलाय ते बघा, कमलाक्षी दाखवील. आणि जाताना दार ओढून घ्या. — जा हो, पांडुरंगबाब. बाप समोर उभा असला की पोराशी नीट बोलता येत नाही.